बी रुसते तेव्हा

मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की आपल्या बेळगाव-खानापूर भागात घरोघरी कुदळी-खुरपी बाहेर निघतात. दाराशी भेंडीच्या दोन ओळी, कुंपणाला दोडका आणि कारले, न्हाणीच्या पाण्यावर अळू, एका वाफ्यात मेथी-कोथिंबीर, ही बहुतेक परसांची ठरलेली मांडणी. पेरून झाल्यावर आठ-दहा दिवस घरातली माणसे रोज सकाळी वाफ्यावर वाकून बघतात. कुठे चार कोंब दिसतात, कुठे एकही नाही. मग निकाल ठरलेला असतो : "बी खोटे निघाले." दुकानदाराला दोन शब्द ऐकवून नवे पाकीट आणले जाते, त्याच वाफ्यात त्याच हाताने पेरले जाते, आणि पुष्कळदा पुन्हा तेच घडते.

पाकिटाचे पैसे गेले तर ते एक वेळ सोसता येतात. गेलेल्या दिवसांचे काय करायचे? मृगात पेरलेले उगवले नाही हे कळायला दहा-बारा दिवस जातात. दुसरी पेरणी होते तेव्हा आर्द्रा लागलेली असते, संततधार सुरू होते आणि चांगले बीसुद्धा वाफ्यात कुजते. परसापुरती भाजी करणाऱ्याला हा नुसता हिरमोड वाटेल. परंतु आपल्यापैकी कित्येकांच्या घरची भाजी बेळगावच्या बाजारात आणि तेथून गोव्याला जाते, आणि कॉलेजची फी त्याच पैशातून भरली जाते. तीन आठवडे मागे पडलेल्या भेंडीला पहिल्या तोड्याचा भाव मिळत नाही. म्हणून बी उगवत का नाही, आणि उगवणार की नाही हे पेरण्यापूर्वी कसे ओळखावे, याचा थोडा विचार करू.

बी म्हणजे झोपलेले रोप. आत एक चिमुकला अंकुर, त्याला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी, आणि दोहोंवर कवच. ही झोप मेल्यासारखी दिसते, पण बी जिवंत असते आणि अत्यंत मंद का होईना, त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो. पाणी, हवा आणि योग्य ऊब या तीन गोष्टी एकदम मिळाल्या की बी पाणी शोषून फुगते, आतील शिदोरी विरघळू लागते आणि प्रथम मूळ बाहेर येते. या तिन्हींपैकी एक जरी उणी पडली तरी काम अडते. "उगवले नाही" या दोन शब्दांत निरनिराळ्या तीन घटना दडलेल्या असतात. बी मुळात मेलेले असेल, जिवंत असून जागे झाले नसेल, किंवा जागे होऊन मातीखालीच मेले असेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांतला एकच दुकानात मिळतो.

यातील कोणती घटना घडली हे ठरवण्याचा मार्ग अगदी सोपा आहे, तरी तो फार थोडे लोक वापरतात. आठव्या दिवशी खुरप्याच्या टोकाने ओळीतील एक वीतभर जागा हळूच उकरावी आणि पाच-सहा बिया शोधून तळहातावर घ्याव्यात. बी पेरले तेव्हा होते तसेच कडक असेल तर त्याला पाणी मिळालेले नाही किंवा कवचाने ते आत घेतलेले नाही. फुगलेले पण दाबल्यावर पिचकणारे, आंबूस वासाचे बी कुजलेले असते. ते आधीच मेलेले होते किंवा पाण्याने गुदमरले. पांढरा कोंब आलेला आहे पण तो मातीच्या पापडीखाली वाकून आडवा गेला आहे, असे दिसले तर दोष मातीच्या वरच्या थराचा. कोंबाचे टोक तपकिरी आणि मऊ झाले असेल तर ती बुरशी. आणि मुळीच काही सापडले नाही तर मुंग्या, उंदीर किंवा साळुंक्या! राजगिऱ्याचे आणि माठाचे बी मुंग्या किती शिस्तीने वाहून नेतात, हे एकदा संध्याकाळी वाफ्याशी बसून पाहण्यासारखे आहे. दुकानदाराशी भांडायला जाण्यापूर्वी ही पाच मिनिटांची उकराउकर अवश्य करावी.

आता बी मरते कशाने ते पाहू. १८७९ साली अमेरिकेतील मिशिगन येथे विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने रानटी झाडांचे बी वाळूत मिसळून बाटल्यांत भरले आणि जमिनीत पुरून ठेवले. २०२१ साली त्यांतील एक बाटली उकरली तेव्हा १४२ वर्षांनंतरही काही बिया उगवल्या. तणांचा हा चिवटपणा आपल्या भाज्यांत नाही. कांद्याचे बी साधारण एक वर्षात थकते. भेंडी आणि मिरची दोन वर्षे, गाजर दोन-तीन वर्षे, वांगी-टोमॅटो व कोबी चार वर्षांपर्यंत, काकडी त्याहून थोडी अधिक. हे आकडेही बी कोरडे आणि थंड ठेवले असेल तरचे. हॅरिंग्टन या शास्त्रज्ञाने यासाठी एक सुटसुटीत नियम सांगितला आहे : बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्यांचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, आणि साठवणीचे तापमान पाच अंश सेल्सिअसने कमी केले तरीही दुप्पट होते. नियम उलटही तितकाच लागू आहे. कागदी पुडीतले बी पावसाळ्यात हवेतील दमटपणा ओढून घेते, त्याचा श्वासोच्छ्वास वाढतो, आणि शिदोरी प्रवास सुरू होण्याआधीच संपते. म्हणजे जूनमध्ये उरलेले अर्धे पाकीट स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवून आपण ऑक्टोबरात पेरतो, तेव्हा दिनदर्शिकेने ते चार महिन्यांचे असले तरी प्रकृतीने म्हातारे झालेले असते.

जुन्या बायकांना हे ठाऊक होते. दोडका वेलावरच वाळवून तो तसाच्या तसा चुलीवरच्या आढ्याला टांगायचा, काकडी-भोपळ्याच्या बिया राखेत घोळून ठेवायच्या किंवा शेणात थापून भिंतीला लावायच्या, या रीती खेड्यांत अजून पाहायला मिळतात. राख आणि वाळलेले शेण ओलावा धरून ठेवतात. धुराने कीड दूर राहते आणि चुलीची ऊब पावसाळाभर बी कोरडे राखते. आता चूल गेली आणि गॅस आला. आढ्याऐवजी फळी आली, आणि त्या फळीवर धुराच्या जागी कुकरची वाफ येते. रीत तीच ठेवून तिचे कारण मात्र नाहीसे झाले, असा हा प्रकार आहे. त्यापेक्षा बी सावलीत खडखडीत वाळवावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. तळाशी कोरड्या राखेची किंवा भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी असावी. घरी फ्रीज असेल तर तो डबा त्यात ठेवणे उत्तमच. फक्त बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर गार बियांवर दव धरते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

उबेचा प्रश्न आपल्याकडे थोडा दुर्लक्षिला जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे, आणि पौषातल्या पहाटेची थंडी वसतिगृहात राहणाऱ्यांना मी वर्णन करून सांगायला नको. जमिनीचे तापमान ३० अंश असेल तर भेंडी सातव्या दिवशी वर येते. २० अंशाला तिला सतरा दिवस लागतात आणि १५ अंशाला सत्तावीस. मिरचीही तशीच, २५ अंशाला आठ-नऊ दिवस तर १५ अंशाला जवळजवळ पंचवीस. एवढे दिवस ओल्या मातीत पडून राहिलेल्या बीला बुरशी गाठणारच. तेव्हा डिसेंबरात मिरची-वांग्याचे रोप टाकायचे असेल तर ते कुंडीत वा ट्रेमध्ये टाकून रात्री घरात घ्यावे. कोथिंबिरीचे उलट आहे. ती थंडीत खुशीने येते आणि एप्रिलच्या उन्हात तोंड फिरवते. उन्हाळ्यात कोथिंबीर महाग का होते याचे निदान अर्धे उत्तर येथे आहे.

पाणी आणि हवा यांचे भांडण मात्र जुनेच आहे. नवशिक्या माणसाला वाटते की पाणी जितके अधिक तितकी उगवण चांगली. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की बीला प्राणवायू मिळत नाही आणि ते गुदमरते. शहापूर-वडगावकडच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात हेच होते. तेथे सपाट वाफा न करता चार-सहा बोटे उंच गादीवाफा करावा, म्हणजे जादा पाणी निथळून जाते. खानापूरकडच्या तांबड्या मातीची तऱ्हा निराळी. पाणी लवकर निघून जाते, पण एक जोराची सर आणि त्यावर कडक ऊन पडले की वरच्या थराची पापडी होते. घेवड्याचा कोंब मान वाकवून माती वर ढकलतो. पापडी घट्ट असली की ती मानच मोडते. कांदा-गाजराच्या केसासारख्या कोंबाला तर एवढाही जोर नसतो. म्हणून बी झाकताना वाफ्यातील माती न वापरता चाळलेले, पुरते कुजलेले शेणखत आणि वाळू यांचे मिश्रण वर पसरावे. त्यावर भाताच्या पेंढ्याचे पातळ आच्छादन घालावे आणि पहिला कोंब दिसताच ते संध्याकाळच्या वेळी उचलावे. दोन दिवस उशीर झाला तर रोपे पिवळी आणि लांबट होतात. गाजराच्या ओळीत मधून मधून मुळ्याचे चार दाणे टाकण्याची एक युक्ती आहे. मुळा चौथ्या दिवशी वर येऊन पापडी फोडतो, ओळ कुठे आहे तेही दाखवतो, आणि गाजर मोठे होईपर्यंत पोटात गेलेला असतो.

किती खोल पेरावे याला बीच्या जाडीच्या दोन-तीन पट हे माप पुरे आहे. भोपळा-दोडका बोटाच्या पहिल्या पेराइतका, भेंडी त्याहून थोडी वर, वांगी-मिरची धान्याच्या जाडीएवढ्या मातीखाली, आणि राजगिरा तर नुसता शिंपडून हाताने दाबावा. राजगिऱ्याच्या एका ग्रॅममध्ये हजारावर दाणे असतात. इतकी लहान शिदोरी घेऊन तो बोटभर माती चढून येईल ही अपेक्षाच क्रूर आहे. तो चौपट-पाचपट वाळूत मिसळून पेरला म्हणजे एका जागी दाटी होत नाही. दाटी झाली की उगवलेली रोपे जमिनीलगत काळी पडून आडवी होतात. आपल्याकडे याला रोप कोलमडणे म्हणतात. विरळ पेरणी, सकाळी पाणी आणि पेरण्यापूर्वी बियांना ट्रायकोडर्माची भुकटी चोळणे हे त्यावरचे उपाय. भुकटीचे प्रमाण किलोला चार-पाच ग्रॅम, म्हणजे परसातल्या मूठभर बियांना चिमूटभर.

काही भाज्यांचे स्वभाव स्वतंत्रपणे सांगितले पाहिजेत. धन्याचा गोल दाणा म्हणजे एक फळ असून त्यात दोन बिया असतात. आपण कोथिंबीर म्हणा की कन्नड विभागातील आपले मित्र म्हणतात तसे कोत्तंबरी म्हणा, धने चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दुभंगल्याखेरीज पेरू नयेत. रगडताना डाळ होईल इतका जोर लावू नये. मसाल्याच्या डब्यातले धने भाजलेले किंवा फार जुने असू शकतात, त्यांच्यावर भरवसा नको. कारल्याचे कवच जाड असते. टोकाकडची कड नखकात्रीने किंचित कापून बी रात्रभर कोमट पाण्यात ठेवावे आणि मग ओल्या फडक्यात बांधावे. मूळ डोकावले की पेरावे. भेंडीलाही रात्रभर भिजवणे मानवते. पण श्रावणघेवडा आणि चवळी कधीही रात्रभर पाण्यात बुडवू नयेत. कोरडी डाळिंबे एकदम पाणी ओढतात, त्यांना आतून चिरा जातात आणि शिदोरी पाण्यात झिरपून जाते. ती कोरडीच ओलसर जमिनीत टाकावीत. भिजवलेले बी कोरड्या मातीत पेरणे हा तर शुद्ध अत्याचार होय. जागे झालेले बी पुन्हा झोपू शकत नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी : पाकिटातील गुलाबी, निळे वा हिरवे रंगवलेले बी थायरमसारख्या औषधाने माखलेले असते. ते उघड्या हाताने चोळू नये, भिजवलेले पाणी जनावरांपुढे टाकू नये, आणि उरलेले बी आमटीत तर मुळीच जाऊ देऊ नये.

आता परीक्षा. घरात मटकीला मोड आणणारी प्रत्येक गृहिणी उगवणचाचणीच करीत असते. कोणती मटकी दुसऱ्या दिवशी एकसारखी मोडावते, कोणत्या मटकीत न भिजणारे गणंग दाणे निघतात, हे ती वाण्याला बिनचूक सांगते. नवरात्रातील घट हाही मला याच जातीचा वाटतो. शेतातली माती आणायची, घरातले धान्य त्यात पेरायचे, नऊ दिवस पाणी घालायचे आणि दसऱ्याला कोणते धान्य कसे आले ते पाहायचे. त्यानंतर लगेच रब्बीच्या पेरण्या असतात. ही रीत पाडणाऱ्याच्या मनात बीजपरीक्षाच होती असा माझा दावा नाही. पण शेतकरी घटाकडे पाहून जे बोलतात ते बियांबद्दलच असते. भाजीच्या बियांना आपण हा मान का देत नाही, कोण जाणे.

कृती अशी. शंभर दाणे न निवडता मोजून घ्यावेत. मोठेमोठे वेचून घेतले तर परीक्षा आपण स्वतःच फोडली. महागड्या पाकिटात बियाच थोड्या असतात, तेथे दहा चालतील. जुन्या धोतराचे फडके भिजवून घट्ट पिळावे, त्यावर दाणे एकमेकांना न चिकटतील असे मांडावेत, वळकटी करून डब्यात ठेवावी. झाकण अर्धवट ठेवावे आणि रोज एकदा उघडून पाहावे. मुळा, कोबी दहा दिवसांत आपले काय ते सांगतात. कांद्याला बारा, टोमॅटो-वांगी-मिरची-गाजराला चौदा आणि भेंडी-धन्याला एकवीस दिवसांपर्यंत थांबावे. अर्थात चांगले बी याच्या कितीतरी आधी बहुतेक मोडावते, आणि मी संख्येइतकेच महत्त्व या चपळाईला देईन. सहा दिवसांत साठ टोमॅटो मोडावले तर बी तरतरीत आहे. तेच साठ चौदा दिवस रेंगाळत आले तर फडक्यात ते उगवतील, पण वाफ्यातल्या पापडीशी झुंजणार नाहीत.

हिशेबही करून ठेवावा. समजा, आपल्याला भेंडीची ६० झाडे हवी आहेत. चाचणीत शंभरातली ५० मोडावली. वाफ्यात त्यांतली पाचवा हिस्सा आणखी गळतील असे धरले तर शंभरामागे ४० झाडे पडतात, म्हणजे ६० झाडांसाठी १५० दाणे हवेत. अधिक दाणे टाकून तूट भरून काढण्याला मर्यादा आहे. शंभरात तीसही येत नसतील तर उरलेले तीसही थकलेलेच असतात. ते बी विकत घेतलेले असेल तर खुशाल बाजूला ठेवावे.

विकतच्या बियाण्याचीही एक बाजू आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याने पाकिटावर उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख छापण्याचे बंधन आणले. प्रमाणित बियाण्यासाठी ठरलेली किमान उगवण पाहिली तर पुष्कळांना आश्चर्य वाटेल. टोमॅटो, वांगी, कांदा, मुळा यांना ७० टक्के, भेंडीला ६५, मिरची, गाजर आणि वेलभाज्यांना ६०, घेवड्याला ७५. म्हणजे दहा मिरच्यांपैकी चार उगवल्या नाहीत तरी दुकानदार खोटा ठरत नाही! प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीपासून नऊ महिने असते. तेव्हा पाकीट घेताना किंमत पाहण्याआधी तारीख पाहावी. पावती आणि लॉट क्रमांक असलेले रिकामे पाकीट मोसम संपेपर्यंत जपावे, चार-सहा दाणेही त्यात राहू द्यावेत. बियाणे घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे आणि तो ग्राहक न्यायालयात दाद मागू शकतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दिलेला आहे. तेथे तोंडी तक्रार उपयोगी पडत नाही. फडक्यातली चाचणी फोटोसह तारखेवार लिहून ठेवली असेल तर बोलण्याला निदान आधार मिळतो.

राहता राहिले घरचे बी. आजीने माहेरहून आणलेला दोडका, गावातल्या एकाच घरी टिकलेली पांढरी काकडी, असले वाण कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. त्यांची चाचणी शंभरात पाचावर आली तरी त्यांना टाकून देऊ नये. येथे साठ झाडे मिळवायची नसून दोन मिळवायची आहेत. सगळे बी एका वर्षी पेरू नये, निम्मे डब्यात राखावे. उरलेले ओल्या फडक्यात ठेवून ज्याला मूळ फुटेल तेवढेच बी उचलून, खत-वाळू भरलेल्या कुंडीत, पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला लावावे. एका वेलावर भागवू नये, दोन-तीन तरी वाढवावेत. शेजारी दुकानातला दोडका असेल तर त्याचा पराग यावर येतो. तेव्हा मादी फूल उमलण्यापूर्वी कागदी पिशवीने झाकावे, आपल्याच वेलाच्या नर फुलाने हाताने पराग द्यावा आणि पिशवी पुन्हा बांधावी. दोडक्याचे फूल संध्याकाळी उमलते, त्यामुळे कॉलेजहून परत आल्यावरही हे काम जमते. त्या वेलाची पहिली दोन-तीन फळे कितीही कोवळी दिसली तरी भाजीसाठी तोडू नयेत. ती वेलावरच वाळून आत बिया खुळखुळू लागल्या की काढावीत, आणि डब्यावर वाणाचे नाव, महिना व साल लिहावे.